श्रावणातला बर्फ

प्रश्न : *गेल्या श्रावणात मी भोपाळहून पंख्यांच्या छोट्या विमानाने निघालो. राजाभोज विमानतळावर भुरभुर चालू होती आणि शर्ट घामाने अंगाला चिकटत होता. उड्डाणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आम्ही दाट ढगात होतो. तेव्हा माझ्या खिडकीजवळच्या भिंतीवर बाहेरून कुणीतरी मूठभर खडे मारावेत तसा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा झाला. मी दचकलेला पाहून हवाईसुंदरी म्हणाली, "घाबरू नका, पंख्यावरचा बर्फ सुटतोय." खाली २६ अंश तापमान! आमच्या गावात जानेवारीतसुद्धा माठातलं पाणी गोठत नाही. मग ऐन पावसाळ्यात हा बर्फ आला कुठून? आणि तो खरोखर बर्फ असेल, तर घाबरायचं का नाही?*
— भोपाळहून एक वाचक

उत्तर : तिने तुम्हाला खरं तेच सांगितलं. तो बर्फच होता. तुमचा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून दोन्हींची उत्तरं सविस्तर देतो.

आधी उंचीचा हिशेब. वर जावं तशी हवा गार होत जाते, किलोमीटरमागे साधारण सहा अंशांनी. भोपाळचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५२५ मीटर उंच आहे. तिथे २६ अंश असतील, तर पाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सोळा-सतरा हजार फुटांवर, तापमान शून्याला टेकतं. मोठी जेट विमानं हा पट्टा काही मिनिटांत ओलांडून ३५ हजार फुटांवर निघून जातात. पंख्यांची विमानं मात्र सतरा ते पंचवीस हजार फुटांच्या दरम्यानच प्रवास करतात. तुमच्या पायाखाली श्रावण होता आणि खिडकीबाहेर शून्याखालचं तापमान.

पण नुसत्या थंडीने बर्फ साचत नाही, त्यासाठी पाणी लागतं. ते वर कसं पोहोचतं, हे पाहायला घरातला तांब्या पुरे.

तांब्याला घाम कधी फुटतो?

फ्रीजमधल्या पाण्याने भरलेला तांब्या मे महिन्यात भोपाळच्या एखाद्या ओट्यावर ठेवा. बाहेर ४० अंश असले तरी त्याला जेमतेम घाम फुटेल. तोच तांब्या जुलैत ठेवा, दोन मिनिटांत त्याखाली थारोळं होईल. मेमधली हवा तापलेली पण कोरडी असते, जुलैतली तिच्याहून गार पण वाफेने भरलेली. हवेत वाफ किती मावते हे तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना ९ ग्रॅम, शून्याला ५ आणि उणे २० अंशांना जेमतेम १. हवा ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेने काठोकाठ भरते, तो तिचा दवबिंदू. त्याच्याही खाली ती गार झाली, की जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते.

पावसाळ्यात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हीकडची ओली हवा मध्य प्रदेशावर येते. उपसागरातले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगड ओलांडून याच वाटेने पश्चिमेकडे सरकतात. ही हवा वर चढली की पसरते, पसरली की गार होते, आणि दवबिंदूच्या खाली उतरली की ढग तयार होतो. म्हणजे तुमच्या तांब्यावर जे होतं, तेच आकाशात किलोमीटरच्या किलोमीटर उंचीवर चालू असतं. फरक एवढाच, की पाणी धातूवर न सुटता हवेतल्या धूळ-मिठाच्या बारीक कणांवर सुटतं. त्यातून बनणारा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो.

असे थेंब घेऊन ढग शून्य अंशाची रेषा ओलांडतो. खरी गंमत तिथून पुढे आहे.

शून्याखालीही पाणीच

शाळेत आपण शिकलो, की पाणी शून्य अंशाला गोठतं. बर्फ शून्य अंशाला वितळतो, हे पक्कं. पण पाण्याने शून्याला गोठलंच पाहिजे असा नियम नाही. गोठायला सुरुवात कुठूनतरी व्हावी लागते. पाण्याचे रेणू बर्फाच्या साच्यात बसायला एखादा आधार हवा असतो, जसं दह्याला विरजण. तळ्याच्या किंवा माठाच्या पाण्यात असे आधार भरपूर असतात. ढगातला थेंब मात्र इतका छोटा आणि स्वच्छ असतो, की त्याच्या वाट्याला विरजण येतच नाही. एक लिटर ढगाळ हवेत लाखभर किंवा त्याहूनही जास्त थेंब असतात. त्यांना उणे २० अंशांना गोठवू शकेल असा कण मात्र ढोबळमानाने एखादाच. बाकीचे थेंब पाणी म्हणूनच तरंगत राहतात. या पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. विरजण मिळालंच नाही, तर उणे ३८-४० अंशांपर्यंत ते द्रव राहू शकतं. तिथे मात्र ते आपोआप गोठतं.

हे घरी बघता येतं. बाजारातली पाण्याची सीलबंद बाटली फ्रीझरमध्ये न हलवता आडवी ठेवा. दोन-अडीच तासांनी, वेळ फ्रीजप्रमाणे मागेपुढे होईल, ती अलगद बाहेर काढा. आतलं पाणी द्रव असेल तर ओट्यावर एक टपली मारा. एका टोकापासून पांढऱ्या सुया धावत सुटतात आणि काही क्षणांत बाटली धुरकट होते. पाणी आधीच शून्याखाली गेलेलं होतं, फक्त निमित्ताची वाट बघत होतं.

ढगातल्या अतिशीत थेंबांना हे निमित्त विमान देतं. आयसिंग म्हणजे नेमकं हेच. हवेतले बर्फाचे कण विमानाला येऊन चिकटतात असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात पाण्याचे थेंब विमानावर आदळतात आणि आदळल्यावर त्यांचा बर्फ होतो.

बर्फाच्या दोन जाती

थेंब गोठताना उष्णता सोडतो. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना ८० कॅलरी बाहेर पडतात, हाच तो शाळेतला अप्रकट उष्मा. उणे १० अंशांच्या थेंबाला या उष्णतेतल्या फक्त १० कॅलरी स्वतःत सामावून घेता येतात. म्हणून आदळताक्षणी त्याचा साधारण आठवा भागच गोठतो. उरलेलं पाणी पंखावरून मागे ओघळत जातं आणि वाऱ्याने उष्णता नेली तसं सावकाश गोठतं. असा बर्फ काचेसारखा पारदर्शक, जड आणि घट्ट चिकटलेला असतो. शून्य ते उणे दहाच्या पट्ट्यात, थेंब मोठे असले की तो सापडतो. तापमान उणे पंधरा-वीसपर्यंत उतरलं आणि थेंब बारीक असले, तर ते जागच्या जागी गोठतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि पांढरा, खरखरीत, ठिसूळ बर्फ बनतो. फ्रीझरच्या भिंतीवर साचणारा भुसभुशीत थर नजरेसमोर आणा.

या दोन्ही जाती एकाच वेळी बघायच्या असतील तर भोपाळकरांना विमानात बसायचीही गरज नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ज्याला आपण 'सिहोर गहू' म्हणतो, तो शरबती गहू भोपाळच्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यातला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक उभं असताना तिथे अवकाळी गारपीट होते आणि शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टावर पाणी फिरतं. मोठी गार उचलून सुरीने मधोमध कापा. कांद्यासारखी वलयं दिसतात, एक पांढरं आणि एक पारदर्शक. गार अतिशीत पाण्याच्या ढगात वरखाली फिरते. थेंब जागीच गोठले तिथे पांढरं वलय, पाणी पसरून सावकाश गोठलं तिथे काचेसारखं. गार म्हणजे पंखाशिवाय झालेलं आयसिंगच. ज्या ढगातून ती पडते, त्यात अतिशीत पाणी होतं याचा याहून चांगला पुरावा नाही.

मग धोका कशाचा?

बर्फाच्या वजनाने विमान पडतं, असं अनेकांना वाटतं. वजनाचा त्रास होतोच, पण त्याहून मोठं नुकसान आकार बिघडल्याने होतं. पंखाचा पुढचा काठ गुळगुळीत असतो म्हणून हवा त्याला लगटून वाहते आणि पंख विमानाला उचलून धरतो. त्या काठावर जाडसर सॅंडपेपरइतका खरखरीत बर्फ बसला तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

बर्फ सगळीकडे सारखा बसतही नाही. जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी भोपाळच्या बड्या तलावाकाठच्या कुंपणावर कोळ्याचं जाळं बघा. धाग्याधाग्यावर मोती ओवलेले असतात आणि शेजारची भिंत जवळपास कोरडी असते. रुंद वस्तूच्या बऱ्याच पुढूनच हवा वळायला लागते आणि बारीक थेंबांना आपल्यासोबत वळवून नेते. बारीक धाग्यापुढे तिला वळायला वाव नसतो, म्हणून थेंब सरळ धाग्यावर जातात. विमानाचंही असंच असतं. पंखाच्या जाड भागाआधी शेपटीचा पातळ काठ, ॲंटेना, वायपर यांच्यावर बर्फ बसतो. म्हणून वैमानिक आधी कॉकपिटच्या काचेबाहेरच्या अशा बारीक भागांकडे बघतात.

पंख्यांच्या विमानांना याचा सर्वांत कठोर धडा ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी मिळाला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एटीआर ७२ जातीचं एक विमान उतरण्याची पाळी येईपर्यंत ढगात घिरट्या घालत होतं. त्या ढगातले अतिशीत थेंब नेहमीपेक्षा बरेच मोठे होते. ते पुढच्या काठावर गोठण्याऐवजी मागे ओघळले आणि बर्फ हटवण्याच्या यंत्रणेच्या कक्षेबाहेर त्यांचा बांध तयार झाला. विमान अचानक कलंडलं आणि त्यातले सर्व ६८ जण गेले. त्यानंतर या विमानांच्या पंखांवरचं संरक्षण आणखी मागेपर्यंत वाढवण्यात आलं, आणि मोठ्या अतिशीत थेंबांचा मारा ओळखून लगेच त्यातून बाहेर पडण्याचे नियम कडक झाले. आज तुमचं विमान ज्या शिस्तीने उडतं, तिच्यामागे त्या ६८ जणांचे प्राण आहेत.

तो आवाज नेमका कशाचा होता?

पंख्यांच्या विमानात पंखाच्या पुढच्या काठावर रबराची काळी पट्टी असते. बर्फ बसला की तिच्यात हवा भरली जाते, पट्टी फुगते, वरचा थर तडकतो आणि वारा तो उडवून नेतो. जेट विमानात इंजिनातली गरम हवा पंखाच्या पुढच्या काठातून खेळवतात. पंख्याची पाती, कॉकपिटची काच आणि वेग मोजणाऱ्या नळ्या विजेने तापवल्या जातात.

पातं तापलं की बर्फाची पकड सुटते आणि फिरण्याच्या जोराने तुकडे बाहेर भिरकावले जातात. त्यातले काही विमानाच्या अंगावर आदळतात. हे होणारच हे धरून, पंख्याच्या रेषेत विमानाच्या अंगावर जाड संरक्षक पत्रा लावलेला असतो. तुमची जागा त्याच्या आसपास असणार.

प्रश्न : *मी नववीत आहे. मोठी विमानं उणे ५० अंशांत तासन्‌तास उडतात. त्यांच्यावर तर बर्फाचा डोंगर व्हायला हवा. का होत नाही?*

उत्तर : कारण तिथे द्रव पाणी उरलेलंच नसतं. उणे चाळिसाखाली ढगात फक्त बर्फाचे स्फटिक असतात. कोरडी वाळू काचेवर टाकली तर ती घरंगळून जाते, तसे ते थंड पंखावरून उसळून निघून जातात. म्हणून सर्वांत जास्त थंडी असते तिथे सर्वांत जास्त आयसिंग होत नाही. ते होतं शून्य ते उणे वीसच्या मधल्या पट्ट्यात.

पण हेच स्फटिक गरम जागी गेले, तर वितळून पुन्हा गोठू शकतात. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं एअरबस ए-३३० अटलांटिकवरच्या मोठ्या मेघसमूहातून जात होतं. ३५ हजार फुटांवर बर्फाच्या स्फटिकांनी त्याच्या वेग मोजणाऱ्या नळ्या जेमतेम मिनिटभर तुंबल्या. वेगाचे आकडे बिघडले, स्वयंचलित नियंत्रण सुटलं, आणि त्या गोंधळात विमानाचं नाक इतकं वर खेचलं गेलं की पंखांची उचलच संपली. २२८ जण गेले. पुढे २०१३ मध्ये, काही बोइंग ७८७ विमानांच्या इंजिनांत स्फटिकांमुळे बर्फ होत असल्याचं दिसल्यावर, अशा मेघगर्जनेच्या ढगांपासून ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर लांब राहायला सांगण्यात आलं. वैमानिक कधी पावसाळी ढगाला लांबचा वळसा घालतात आणि विमान उशिरा पोहोचतं. त्या उशिरामागे हे कारणही असू शकतं.

प्रश्न : *मी वैमानिक होण्याचं शिक्षण घेते. आमचे प्रशिक्षक २५ अंश तापमानातही 'कार्ब्युरेटर आयसिंग'चा धाक घालतात. स्वच्छ हवेत, जमिनीजवळ, हे शक्य आहे का?*

उत्तर : शक्य आहे, आणि त्यांचा धाक योग्य आहे. सेसना १५२ सारख्या छोट्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब घटतो, आणि तिथेच इंधनाची वाफ होते. हातावर स्पिरिट घेतलं की गारवा वाटतो, तसाच हा गारवा. दोन्ही मिळून आतलं तापमान २० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. बाहेर २० अंश आणि हवा दमट असली की आत बर्फ धरतो, इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात आणि आकाश निरभ्र असल्याने शंकाही येत नाही. म्हणून फेरे विनाकारण घटताना दिसले की कार्ब्युरेटर तापवण्याचा खटका पूर्ण ओढायचा. बर्फ वितळताना इंजिन क्षणभर आणखी खडखडेल. तेव्हा घाबरून खटका परत ढकलायचा नाही.

जेट इंजिनांनाही हाच नियम थोड्या वेगळ्या रूपात लागू पडतो. बाहेर १० अंश किंवा त्याहून कमी आणि डोळ्यांना दिसणारं पाणी, म्हणजे ढग, पाऊस, बर्फ किंवा दाट धुकं, एवढं जमलं की इंजिनाच्या तोंडाचं तापवणं सुरू करायचं. जोराने हवा ओढणाऱ्या इंजिनाच्या तोंडाशीही दाब घटून हवा गार होते. जानेवारीत भोपाळच्या हवामान-संदेशात कधी ०९/०८ असे आकडे येतात. पहिला तापमानाचा, दुसरा दवबिंदूचा. दोघांत एकाच अंशाचा फरक, म्हणजे धुकं दाराशी आलेलं. अशा सकाळी धावपट्टीवर शून्यापेक्षा नऊ अंश जास्त असतानाही वैमानिक बर्फाचा विचार करत असतो.

यावर लक्ष कोण ठेवतं?

हवामान खात्याचे फुगे तापमान, दाब आणि आर्द्रता मोजत वर जातात. त्यासाठी जगभर ठरलेल्या वेळा भारतीय घड्याळाने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. भोपाळही अशा केंद्रांपैकी एक आहे. शून्य अंशाची रेषा त्या दिवशी किती उंचीवर आहे, तिच्या वर हवा किती ओली आहे, हे या नोंदींतून कळतं. पावसाळ्यात पाच किलोमीटरवर असणारी ही रेषा हिवाळ्यात, पश्चिमी प्रक्षोभ आला की, साडेतीन किलोमीटरच्या आसपास उतरते. त्यामुळे विमानांची वाटही बदलते. भोपाळवरचं आकाश हवाई वाहतुकीच्या दृष्टीने मुंबईच्या क्षेत्रात येतं, त्यामुळे तीव्र आयसिंगचा इशाराही मुंबईहून निघतो.

ढगांच्या पोटात नेमकं काय असतं, हे शोधायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून 'कायपिक्स' मोहिमेत उपकरणांनी भरलेली विमानं ढगांत पाठवली, पुढे सोलापूर परिसरातही. आपल्या मान्सूनच्या ढगांत शून्य रेषेच्या बरंच वरपर्यंत अतिशीत पाणी असतं, हे त्या उड्डाणांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं. याच संस्थेने सीहोर जिल्ह्यातल्या सिलखेडा इथे, भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटरवर, ढगांचा अभ्यास करणारं मोठं केंद्र उभारलं. मार्च २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मान्सूनचा गाभा मानला जाणारा पट्टा इथेच आहे, म्हणून ही जागा निवडली. गव्हाच्या शेतांशेजारी उभी असलेली तिथली रडारं, तुम्ही ज्या ढगातून गेलात तसल्याच ढगांचा वेध घेत असतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो : घाबरायचं का नाही? बर्फ धरतो तेव्हा तो गुपचूप धरतो, त्याचा आवाज होत नाही. आवाज होतो तो सुटताना. तुम्ही ऐकलेला प्रत्येक टणत्कार म्हणजे पात्यावरून उतरलेला एकेक तुकडा होता.